नावाडीण

पहिल्या खेळात तिला तीनच वाक्यं होती.
"बसा."
"पाणी वाढलंय."
आणि नायक उतरताना, वल्हं हातात तसंच धरून,
"त्या काठावर मी पाय ठेवत नाही."
बस्स. नायक पुढं गेला, राज्यबिज्य जिंकला.
मी मात्र चार वर्षं तिच्या होडीत बसून होतो.

म्हणून खास तिचा खेळ निघाला तेव्हा
दोन पाळ्या जादा मारल्या, पैसे भरले
आणि साखर पेठेत, पत्र्याखाली,
त्रेचाळीस अंशांत
कूलरचं तोंड माझ्याकडं वळवून बसलो.

वल्हं काय केलंय, सांगतो!
खोल पाण्यात रिमोट जडावतो,
उथळात वाळू घासल्यागत बोटांना कळतं,
भोवरा दिसायच्या आत डावा खांदा ताठतो, माझा.
शेजारच्या मागांची खडखड थांबली
तेव्हा लक्षात आलं, रात्रपाळी सुटली.
ज्यानं हे विणलं त्याचा हात
आमच्या अंबादास जॉबरच्या तोडीचा.
एक तार तुटलेली दाखवा, चहा माझ्याकडून.

पण गोष्ट?
सात नद्या, बावीस दरोडेखोर, एक हरवलेला कंदील,
आणि शेवटी होडी लावते
त्याच काठाला.
उतरते.
चपलेतली वाळू झटकते, चालायला लागते.
कुणी विचारत नाही. तिलाही आठवत नाही.
मग नावं सरकतात वर,
'कथा' खाली तिघंजण.
तिघं!

माझ्या शिव्यांनी आत्या उठली.
"संपला का रे खेळ?"
"संपला."
"काय झालं बाईचं?"
"उतरली."
"कुठं?"
"जिथं उतरणार नाही म्हणायची, तिथं."
"का पण?"
"तेच तर सांगितलं नाही कुणी."
आत्या थोडा वेळ बंद पडद्याकडं बघत राहिली,
मग कात्री शोधून
चादरींच्या दशा कापायला बसली.

नऊला गठ्ठे घेऊन रिक्षात बसलो.
जुन्या मिलची भिंत लागायच्या आत
ती पुढं वाकली, नेहमीसारखी,
"इकडनं नको बाबा, सात रस्त्यानं घे."
वीस रुपये जास्तीचे.
रिक्षावाल्यानं आरशातनं माझ्याकडं बघितलं.
मला एकोणतीसावं चालू आहे.
मी गठ्ठ्याची गाठ सोडून
पुन्हा आवळली.