निळी रेघ

हसुरामकाकांच्या खिशात माझा जुना फोन,
हातात मशीन, कानात तिची कुरकुर.
उलव्याचा रिकामा प्लॉट, सहा रविवार.
चालले तिथं निळी रेघ उमटते,
रेघ नाही ती जागा बाकी.

सापडलं ते: सळईचे तुकडे, बाटल्यांची बुचं,
एक बिजागरी, जी बघून त्यांनी नुसती मान हलवली.
शोधतायत उघाडीची लोखंडी कडी;
तिच्या भरवशावर खाडी अडवली होती
त्यांच्या बापानं.
वर आता दोन पुरुष भराव.
मशीनला वीतभर खालचंच कळतं,
हे मी सांगितलेलं नाही.

काल रात्री नकाशा उघडून बसले.
रेघा सरळ, नांगरटीसारख्या,
फक्त एका ठिकाणी वळसा घेतात,
साही रविवार, तिथंच.
मधे दोन खाटांएवढं पांढरं.
सपाट तर आहे सगळं. खांब नाही, खड्डा नाही.

काका, हे राहिलंय बघा.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी पडदा डोळ्यांशी धरला.
"तयं राब हाय ना," म्हणाले.
"पाय कोन टाकील?"

मग बॅटरी किती उरली विचारलं
आणि फोन खिशात घातला.