अकरावी चाल

इक्बाल मुकादम डाव नेहमी एकाच चालीनं उघडतो:
वजिराचं प्यादं, दोन घरं.
ठेवल्यावरही बोटाखाली थोडा वेळ दाबून धरतो.
गोदीत क्रेन चालवायचा तेव्हा
पेटी जमिनीला नीट टेकल्याशिवाय
हुक सोडायचा नाही, तसं.

माझगावची टेकडी, पाण्याच्या टाकीवरची बाग.
खाली गंजलेले बार्ज, कुणाचा तरी वेल्डिंगचा निळा ठिपका.
आमचा एक काळा हत्ती गेल्या वर्षी झुडपात गेला तो गेलाच.
त्याच्या जागी होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली उभी असते.
सरळ चालते, तक्रार नाही.

मीही वजिराचं प्यादं पुढे केलं.
दोघं नाकाला नाक लावून उभे.
मग त्यानं शेजारचं, उंटाचं सरकवलं: घे.
फुकटचं दिसलं की माझा हात थांबत नाही.
घेतलं.
तीन चालींत त्यानं ते वसूल केलं,
वर व्याज म्हणून माझा घोडा कोपऱ्यात बसवला.

अकराव्या चालीला फोन आला.
वजीर कुठंतरी ठेवला आणि उठलो,
कठड्यापाशी जाऊन हं, हं, बरं, म्हणत राहिलो.
परत येऊन बघतो तर
माझा वजीर उघडा,
त्याच्या उंटाच्या तिरक्या वाटेत, मध्ये चिटपाखरू नाही.
आणि मुकादमची चाल?
कडेचं प्यादं, एक घर.

साठ फुटांवरून साखळीची कडी ओळखणारा माणूस!
म्हटलं, मोतीबिंदू असेल.
म्हटलं, वय.
आणि वजीर गुपचूप मागे घेतला.

पुढे मात्र मी असा खेळलो की विचारू नका.
बाटली थेट त्याच्या घरात घुसवली.
शह. पुन्हा शह. राजाला हलायला जागा नाही.
पलीकडच्या बाकावर पेपर वाचणारा पेडामकरसुद्धा
मान वर करून म्हणाला, वा.

सोंगट्या डब्यात टाकताना मुकादम म्हणाला,
"अकराव्याला तुझा वजीर पडत होता."
"मग घ्यायचा ना!"
"तू फोनवर होतास."

मग राजाच्या डोक्यावरची धूळ अंगठ्यानं पुसत,
माझ्याकडे न बघता,
"काय म्हणाले डॉक्टर? भाभीचं?"

मी सोंगट्या मोजत राहिलो.
एकतीस.
आणि बाटली.