पाहिल्याची तारीख

पुस्तक बसून राहतं.
दाखल क्रमांक टाकला, पाठीवर वर्गांक चिकटवला
की तेही मोकळं, मीही.
नियतकालिक हप्त्यानं येतं, घरभाड्यासारखं;
एखादा अंक चुकला तर पत्र टाकायचं.
हा तिसरा प्रकार मात्र
खुर्चीवरून न उठता कपडे बदलतो.

त्याची ओळख मला कायताननं करून दिली,
फोंड्याच्या आमच्या ग्रंथालयात.
कायदेसंग्रहाची लाल फाइल, पितळी दांड्यांची.
दर तिमाहीला पणजीहून पाकीट यायचं:
पान ४१ ते ४६ काढा, नवीन ४१ ते ४६ घाला.
कायतान दांडी उघडायचा,
जुना कायदा उपसायचा, नवा ओवायचा.
फाइल तेवढीच जाड.
काढलेल्या पानांचं काय करतोस, एकदा विचारलं.
"पाव बांधपाक," म्हणाला, आणि हसला नाही.

आता दांडी नाही, पाकीट नाही.
मानशींचा माहितीकोश आहे.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं दार,
भरती आली की आपणच मिटतं.
कुठल्या बांधावर कुठली, फळ्या किती,
खारं पाणी कुठवर चढलं,
रोज बदलतं, कधी दिवसातून दोनदा.
मी पहिली नोंद केली तेव्हा नाव 'खाजन नोंदवही'.
मग 'खाजन माहितीकोश'. मार्चपासून 'ई-खाजन'.
नियम सांगतो: आज दिसतं ते वर,
कालचं खाली, टिपेत,
सासरी गेलेलीच्या माहेरच्या आडनावासारखं.
(हे मी म्हणते. नियम नाही म्हणत.)
वर्ष लिहायचं, २०११, पुढे रेघ,
रेघेपुढे काही नाही.
आणि शेवटी, सक्तीचं:
पाहिले, अमुक तारखेला.
दिवसभरात तेवढं एकच वाक्य मी खात्रीनं लिहिते.

ऑगस्टात सगुण गावडे आला, दुर्भाटचा,
चपला दाराबाहेर काढून.
जुलैत बांध फुटला, मानस वाहून गेली.
कचेरीत म्हणतात, तिथं मानस होती कुठं?
यादीत नाही.
मी यादी उघडली. खरंच नाही.
वाहून गेली ती कुणीतरी नीट वगळली होती,
पुढचे क्रमांकही सरकवून घेतले होते,
दात पडल्यावर हिरडी मिटावी तसे.

माझी नोंद काढली.
'मानशी ३८. पाहिले, १४ जून.'
आज पडद्यावर सदतीस.
सगुणनं आकडा दोनदा वाचून घेतला.
"अडतिसावी ती आमची मगो, बाये?"
ते माझ्या नोंदीत नव्हतं.
किती ते लिहा, कोण कोण ते नको,
असं मला शिकवलेलं,
आणि मी पुढे दोन उमेदवारांना.
छापून दिलं, शिक्का मारला.
त्यानं कागदाची घडी केली नाही.

रात्री कायतानला फोन केला, शिरोड्याला.
ती पानं, म्हटलं, कायद्याची.
"आसात. खाटी पोंदा."
आणि पाव?
"तेन्ना सायब फाटल्यान उबो आशिल्लो."

शनिवारी दुर्भाटला गेले.
सोमवारी नोंद उघडून टिपेत भर घातली:
दुर्भाट, गावड्यांचा बांध. चिऱ्यांचे खांब दोन,
फळी नाही, पाणी आत-बाहेर.
पाहिले, २३ ऑगस्ट, ओहोटीला.
ओहोटीसाठी नियमात जागा नाही.
'इथे मानस होती' असं लिहिलं, मग खोडलं;
ते मी पाहिलेलं नाही.

मुख्य कचेरीतून कुणीतरी ही टीप काढणार,
याच तिमाहीत, किंवा पुढच्या.
एक प्रत छापून पिशवीत टाकली.
खाट आमच्याकडेही आहे.