वायंगणकर, सगुण (२)

कोशाचा नियम सातवा, खांडेपारकर सरांच्या सहीचा:
निवडून आलेल्यांना नोंद.
पडलेल्यांना नाही.
अन्य कार्य असल्यास मंडळ विचार करील.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं,
डिचोलीच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरची खोली.
बुधवारी खालून सुक्या बांगड्यांचा वास
थेट ‘व’च्या खोक्यात.

‘ल’ संपेपर्यंत सोपं होतं.
अनामत गेलेले एकवीस जण मी एका दुपारी बाद केले.
त्यातल्या एकाला नऊ मतं,
घरात मतदार अकरा.
हसलो. भाजीपाव मागवला.

मग सगुण वायंगणकर निघाले दोन.

पहिले वकील. दोनदा आमदार. अर्धा रकाना, फोटोसकट.
तिसऱ्यांदा पडले, तीनशे ऐंशी मतांनी.
दुसरा पाडेली.
तीच निवडणूक, तेच नाव,
दुसऱ्याच कुणी भरलेल्या अर्जाखाली
मुंग्यांच्या रांगेसारखी सही.
मतं चारशे बारा.

सर म्हणाले, हा उमेदवार नव्हे, ही चूक आहे.
चुकीची जागा शुद्धिपत्रात.
प्रज्वला म्हणाली, मग वकिलांच्या नोंदीत आपण लिहिलंय,
‘पुढे राजकारणातून निवृत्त’,
ते कुणामुळे?
सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

म्हणून मी गेले पिळगावला.
तो माडावर होता. वरूनच ओरडला, किती पाडू?
नारळ नकोत, म्हटलं, माहिती हवी.
मग उतरला,
पायातली दोरी सोडून माझ्यासमोर उकिडवा बसला.

‘पैसे घेतले. लपवत नाही.
गोठ्यावर पत्रे घातले, ते बघा.
चिन्ह दिलं इस्त्री.
घरात इस्त्रीचा एक शर्ट नव्हता, बाय,
वीजसुद्धा धड नव्हती.
चारशे बारातली चारशे नऊ त्यांची. चुकून आली.
परत देता आली असती तर दिली असती.
पण तीन माझी.’

कशावरून?

‘आमचा वाडा शाळेत मत देतो.
इथे वकील कोण आणि सगुण पाडेली कोण
शेंबडं पोरही सांगेल.
इथे चूक व्हायचीच नाही.
त्या पेटीत इस्त्रीला तीन.
एक मी.
एक ही. रवळनाथाची शपथ घेतलीय हिने.
मग तिसरं?’

त्याने कोयता उगाचच दगडावर घासला.

‘वर चढलो की सगळा वाडा दिसतो.
सत्तावीस घरं. कौलं, न्हाणीचा धूर,
कुणाची म्हातारी ऊन खात बसलेली.
बारा वर्षं बघतोय.
ह्यातलं कुणीतरी त्या पुठ्ठ्याआड उभं राहिलं,
आणि कुणी न सांगता, न देता, न घेता…’

वाक्य त्याने पुरं केलं नाही.

बायको चहा घेऊन आली. तिने सांगितलं,
तेव्हापासून हे कुणाशी भांडत नाहीत.
कुंपण सरकवलं तरी गप्प.
एका घरचे पाडणीचे पैसे पाच महिने राहिलेत,
मागायला जातात आणि पेज पिऊन येतात.
म्हणतात, काय सांगावं, तोच असेल.

निघताना तो म्हणाला,
मला नको घालू तुमच्या पुस्तकात.
तो सापडला तर त्याला घाला.

आज पुन्हा बुधवार. कार्ड समोर आहे.
जन्म: माहीत नाही, फणस पिकले होते.
शिक्षण: तिसरी.
पदे: नाहीत.
अन्य कार्य:

सर जिन्यावर आलेत, पावलं ओळखते मी.
वाघुर्मेकर आणि वारखंडकर यांच्या मध्ये
बोट घालून मी जागा धरून ठेवली आहे,
आणि खाली कुणीतरी
नारळाच्या भावावरून हुज्जत घालतंय.