झाडांचा लेयर

नकाशात ते तीन मिलिमीटरचं वर्तुळ होतं,
हिरवं, मधोमध बारीक फुली.
नाडकर्णीसाहेब म्हणाले, झाडांचा लेयर बंद कर,
प्लॅन स्वच्छ दिसेल.
मी बंद केला.
खरंच स्वच्छ दिसला.

मग कोलशेतला साइटवर आले.
रंगाचा कारखाना पाडून झालेला,
पत्र्याचं कुंपण, खाडीकडून चिखलाचा वास,
आणि रॅम्प जिथे उतरणार
बरोबर तिथे करंज.
हा बंद करता येईना.

खोडावर पालिकेचा पांढरा आकडा, सत्तेचाळीस.
खाली नोटीस : हरकती सात दिवसांत.
हरकत एकच आली, मढवी वॉचमनची,
तीही कागदावर नाही.
नोटिशीचा खिळा उपटून
त्यानं ती सुतळीनं बांधली होती.
‘पंचवीस वर्षं डबे याच्याखाली उघडले, मॅडम.
रंगाच्या वाफेनं आमच्या छातीचं वाटोळं झालं,
हा मात्र दर चैत्रात नवा.’
एवढं बोलून तो गेट उघडायला गेला,
ट्रक आला होता.

मी टेप लावली. घेर दोनशे सहा.
फांद्यांची सावली जिथे संपते
तिथे गोल चुना टाकला.
मुकादम हसला, रांगोळी काढताय काय?
त्याच रात्री कुणीतरी रांगोळीत मिक्सर धुतला.
सकाळी मुळांवर सिमेंटची राखाडी साय,
आणि मी फावड्यानं ती खरवडत बसलेली.

रॅम्प दीड मीटर सरकवा, मी लिहिलं.
तीनदा लिहिलं.
दीड मीटर म्हणजे दोन पार्किंग,
आणि दोन पार्किंग म्हणजे किती लाख
ते मला तोंडपाठ करून घेतलं.
एकाच्या बदल्यात पंधरा लावू की, शहापूरला.
शहापूरच्या उन्हात काठीला बांधलेली पंधरा रोपं
मी डोळ्यांपुढे आणली.
इकडे जेवणाच्या सुट्टीत साठ माणसं
करंजाच्या सावलीत दाटीवाटीनं बसलेली.
त्यांना कुठल्या गाडीनं न्यायचं शहापूरला?

पोकलेनवर सोमरा ओरांव, गुमल्याचा.
चुन्याशी बकेट आलं आणि त्यानं इंजिनच बंद केलं.
खाली उतरला, हातानं माती सारली.
मांडीएवढं मूळ.
म्हणाला, दगड लागला की लिव्हर ठणकतो,
मूळ लागलं की थरथरतो,
दावं ओढणाऱ्या गुरासारखा.
गोणपाटं मागितली. भिजवली. गुंडाळली.
मुकादम डिझेलचे तास मोजत ओरडत होता,
सोमरा गाठ मारत होता.

रॅम्प शेवटी सरकला.
माझ्या पत्रांनी नव्हे.
खाली काळा कातळ लागला, आणि तो फोडायचा खर्च
दोन पार्किंगपेक्षा जास्त निघाला.

आता एकतीस मजले उभे आहेत.
ब्रोशरमध्ये करंजाचा फोटो आहे,
खाली लिहिलंय, निसर्गाच्या कुशीत.
सोमरा तळोज्याला गेला म्हणतात.
मढवीच्या जागी एजन्सीची पोरं आली, गणवेशातली.

झाड मरायला घाई करत नाही.
मुळं आज तुटतात, शेंडा तिसऱ्या वर्षी वाळतो,
तोवर बिल्डर, मुकादम, मी,
सगळे दुसऱ्या साइटवर.
म्हणून चैत्र लागला की मी येऊन जाते.
गेटवरचा पोरगा रजिस्टर पुढे करतो.
नाव, गाडी नंबर, कोणाकडे.
कोणाकडे या रकान्यात लिहिते, सत्तेचाळीस.
तो इंटरकॉमची यादी शोधत राहतो
आणि मी तेवढ्यात वर बघून घेते.

यंदा दुसरं वर्ष.
पालवी आली आहे, तांबूस, ओली चकाकती.
खाडीकडची एक फांदी अजून उघडी आहे.