अळणी

भांडुपच्या मिठागरात आमच्या सात कोंड्या.
नकाशात सहाच आहेत.
सरकारी माणूस टेप घेऊन आला
की सातवी गप्प पडून राहते,
तो तिच्यातूनच चालत जातो,
बूट भिजवत, मोजत, सहा.

तिथलं मीठ काका अवसेच्या रात्री ओढतो.
दाणे किंचित निळे. मुठीत धरून कानाशी नेले
तर कुणीतरी आपल्याला हळूच हाक मारतंय असं वाटतं.
ते ज्यानं खाल्लं, तो घरतांना जागतो.
शाळेत बाईंनी वाक्प्रचार फळ्यावर लिहिला,
'खाल्ल्या मिठाला जागणे',
वाक्यात उपयोग करा म्हणाल्या.
मी वही कोरी दिली.

बिल्डरचा माणूस आमच्याकडे निवट्यांचं कालवण जेवला.
सहीसाठी उघडलेलं पेन त्यानं तसंच खिशाला लावलं.
अजून दिवाळीला काजूकतली पाठवतो.
का पाठवतो, त्यालाही सांगता येत नाही.

निलोफरला मी पाच वर्षं जेवायला बोलावलं नाही.
गॅस संपलाय, पाहुणे आलेत, आई झोपलीये,
असलं काहीबाही सांगत राहिले.
माझ्या पायात खिळा घुसला तेव्हा
तिनं मला पाठुंगळीला घेऊन हायवे ओलांडला होता.
तेवढं तरी मला तिचं तिचं हवं होतं.

मग एका संध्याकाळी, तिवरांच्या अलीकडे,
चष्मा ओढणीला पुसत ती म्हणाली,
"अगं, ही एक कुणी मोजलीच नाहीये."

काका माझ्याकडे न बघता म्हणाला,
"जेवाला बोलाव तिला.
चिमूटभर पुरे."

त्या रात्री मी बरणीपाशी उभी.
माझ्या उष्टावणाच्या खिरीतही
यातलाच एक दाणा होता म्हणे.
म्हणजे काकाच्या फुटक्या टाचा बघून
माझ्या पोटात तुटतं, ते कुणाचं?
आजोबांचा फोटो मी रोज पुसते, तो हात कुणाचा?

आई आली. दिवा लावला नाही.
ओट्याखालून एक लहान पातेलं काढलं,
झाकण उघडून माझ्यापुढे धरलं.
आमटी. बोट बुडवून चाखली.
कशाचीच चव नाही.

"बीपी नाहीये मला," ती म्हणाली.
"कधीच नव्हतं.
लग्नाच्या तिसऱ्या दिवशी बरणीतून माझं नाव ऐकलं.
बॅग भरली. सासवडची एसटी पहाटेची होती.
मग तुझ्या बापाला ताप भरला,
म्हटलं, उतरला की जाऊ."
पातेलं परत ओट्याखाली सरकवलं.
"एकोणीस वर्षं झाली. आता झोप."

निलोफर रविवारी आली.
पानात मीठ मी वाढलं, काकाच्या डोळ्यांदेखत,
वाण्याकडचं, पिशवीतलं, पांढरंफटक.
कालवण आईच्या पातेल्यातलं.
तिनं तीन भाकऱ्या खाल्ल्या
आणि निघताना कानात म्हणाली,
"तुझ्या आईला सांगू नकोस, पण मीठ कमी होतं."

मंगळवारी टेपवाल्यानं ड्रोन आणला.
ड्रोनला कोण गप्प करणार?
स्क्रीनवर सात चौकोन चमकले.
त्यानं डोळे चोळले,
बांधावर बसलेल्या निलोफरला विचारलं,
"ए मुली, कोंड्या किती गं इथे?"

काका फावडं टेकून थांबला.
तिनं खाडीकडे पाहिलं, मग पायातल्या चपलेकडे.
माझ्याकडे पाहिलंच नाही.

"सहा," म्हणाली. "तुमची काच ओली असेल."

हल्ली त्या लहान पातेल्यातून आम्ही दोघी जेवतो.
पहिला आठवडा घास घशाखाली उतरत नव्हता.
काका बोलत नाही माझ्याशी.
बरणीतली हाक रोज थोडी पुसट येते.
बॅग मीही काढून ठेवलीये, माळ्यावरून खाली.

काल काकाच्या टाचांना
कोकम तेल लावून दिलं.
मग हात हुंगून पाहिला बराच वेळ.