शंभर जागा

तीन दिवस झाले मला
ताकुआरेम्बोतल्या या गुरांच्या दवाखान्यात.
डॉक्टर पहाटेच गेलेत, कुणाची तरी गाय अडलीय.
टेबलावर बिनतारी फोन, आपल्या पाळण्यात उभा,
पाठीला चिकटपट्टी, कारण बॅटरीचं झाकण कधीचंच हरवलंय.

सकाळी एक नवा माणूस आला, इबान्येस,
मेंढ्या लंगडतात म्हणाला.
त्याचा नंबर साठवायला गेले,
तर फोन म्हणाला: मेमरी भरली.

शंभर जागा. शंभरही नेलिदाबाईंनी भरलेल्या,
एकवीस वर्षांत, एका बोटाने.
एस हवा तर सातचं बटण चारदा,
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

कोणाला तरी उठवायला हवं.
बाणाचं बटण दाबत खाली जाते,
अंधारात जिना उतरावा तशी.
बर्फवाला.
बर्फवाला दुसरा.
लेदेस्मा लंगडी. तो नव्हे, त्याची घोडी.
मुनोस. 'न'वरची लाट या फोनला काढता येत नाही,
म्हणून मुन्योसचा मुनोस झाला
आणि कुरकुर न करता बिलं भरत राहिला.
पाद्रीबाबा फक्त कुत्रा.
रुबेन.
रुबेन नको.
दोघांखाली नंबर एकच, आकड्याला आकडा.
सातुर्निनो उधार.

फोन घेऊन अंगणात येते.
निलगिरीपर्यंत आवाज टिकतो,
झाडापलीकडे गेलं की फोन टिटवीसारखा ओरडतो
आणि हातात नुसतं प्लास्टिक उरतं.
झाडाच्या अलीकडेच थांबून सातुर्निनोला लावला.
पुतण्याने उचलला.
काका गेले, मागच्या हिवाळ्यात.
किती राहिले होते त्यांच्याकडे?
मी म्हटलं, चुकून लागला.

पुसायच्या बटणावर अंगठा.
स्क्रीन विचारते: नक्की?
एवढं एक या यंत्राला कोणी शिकवलं असेल?
नाही म्हटलं.
गाई तर अजून आहेत ना त्या गोठ्यात.

रुबेनला मी हात लावत नाही.
दोघांतला कुठला आधी पुसायचा ते नेलिदाबाईंना ठाऊक,
आणि त्या बहिणीकडे साल्तोला राहतात आता.
त्यांचा नंबर?
शंभरांत नाही. दोनदा पाहिलं.

यादी संपली की पुन्हा वर येते, रहाटासारखी.
सगळ्यात पहिलं नाव,
पहिलंच यावं म्हणून पुढे एकचा आकडा टाकलेलं:
१ आम्ही.
लावून पाहिला. एंगेज.
पुन्हा लावला. एंगेज.
मग हसूच आलं मला,
स्वतःचंच दार वाजवत स्वतःच आत बसलेली.

आम्हीला पुसलं.
नक्की? हो, नक्की.
त्या जागी इबानेस, लाटेवाचून.

संध्याकाळी तो औषध न्यायला आला.
तुमचा नंबर द्या म्हणाला, रात्रीबेरात्री लागला तर.
थांबा हं, म्हणत मी भिंतीकडे गेले.
जुन्या कॅलेंडरच्या मागे, पेन्सिलीने,
नेलिदाबाईंचे वाशांएवढे आकडे.
शेवटचा एक आहे की सात, काही कळेना.

दोन्ही लिहून घेतो, तो म्हणाला.